माझे चान्सेस किती? : तीन जुन्या अर्जांची गोष्ट

दिवाळीत नागापूरला घरी गेले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एखादं तरी पोर प्लास्टिकची फाइल घेऊन दारात उभं असतं. वडील एमआयडीसीत मशीनवर, आई घर सांभाळून शिवणकाम करणारी, आणि पोरगं नगरच्या कॉलेजातून एमएस्सी करणारं. फाइलीत दहावीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका, एनएसएसच्या शिबिराचं प्रमाणपत्र, एका कार्यशाळेत "सहभाग घेतल्याबद्दल" मिळालेला कागद. चहा येईपर्यंत इकडचं तिकडचं बोलणं होतं, मग मूळ प्रश्न येतो. "ताई, एवढं बघून सांगा ना, माझं होईल का?" फोनवर हाच प्रश्न आणखी आखूड होऊन येतो. सीजीपीए ७.२, एक पोस्टर, नेट दुसऱ्यांदा देतोय, चान्सेस किती?

या प्रश्नाचं उत्तर मी पूर्वी झटकन द्यायचे. दोन वर्षांपूर्वी आमच्याच गल्लीतल्या एका मुलीनं बाहेरच्या एका नावाजलेल्या संस्थेत पीएचडीसाठी अर्ज करू का, असं विचारलं होतं. मी तिचे गुण पाहिले, मनातल्या मनात माझ्या ओळखीच्या चार जणांशी तुलना केली आणि म्हटलं, "यंदा राहू दे, पुढच्या वर्षी तयारीनं कर." तिनं ऐकलं. त्याच वर्षी तिच्याहून कमी गुण असलेला एक जण तिथंच लागला. ती आता एका औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये आहे. तिनं मला कधी बोल लावला नाही. पण मी कशाच्या आधारावर बोलले होते, हा प्रश्न माझ्या मागं लागला तो लागलाच.

मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही. माझं काम कडधान्यांतल्या प्रथिनांवर आहे. कच्ची कडधान्यं नीट पचत नाहीत, त्याचं एक कारण म्हणजे प्रथिनं तोडणाऱ्या ट्रिप्सिन या विकराला अडवणारे पदार्थ त्यांच्यात असतात. शिजवल्यावर त्यांचा जोर बराचसा ओसरतो. या विषयावरचे जुने संदर्भ चाळताना १९५० च्या दशकातल्या भारतीय अन्नपदार्थांवरच्या कामात "के. सोहोनी" हे नाव सारखं भेटत होतं. हे के. म्हणजे कमला, माहेरच्या भागवत, दुर्गा भागवतांच्या धाकट्या बहीण, हे कळल्यावर मी त्यांच्याबद्दल वाचायला घेतलं. आणि सापडलं काय, तर एका नाकारलेल्या प्रवेशाची हकिगत. तिथून मागं जात जात आणखी दोन अर्ज हाती लागले. तुमच्यापैकी जे यंदा अर्ज भरताहेत त्यांनी हे तिन्ही अर्ज, आपण निवड समितीत बसलोय असं समजून वाचावेत.

पहिला अर्ज १८८३ चा. अर्जदार आनंदीबाई जोशी, वय १८. "आनंदी गोपाळ" आपण सगळ्यांनी वाचलंय किंवा पाहिलंय, त्यामुळं घरातली गोष्ट मी सांगत नाही. फक्त कागद बघू. मॅट्रिक नाही. कॉलेज नाही. नवऱ्याच्या बदल्यांबरोबर गावं बदलत गेलेली, त्यामुळं शाळाही तुकड्यातुकड्यांत. बरंचसं शिक्षण घरीच. आजच्या कुठल्याही पोर्टलवर हा अर्ज सबमिटच झाला नसता, लाल अक्षरांत "ही माहिती भरणं आवश्यक आहे" असं येऊन थांबला असता.

या अर्जाची सुरुवात त्याच्या पाच वर्षं आधीची आहे. १८७८ मध्ये कोल्हापुरात पोस्टात नोकरीला असलेल्या गोपाळरावांनी रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून बायकोच्या शिक्षणासाठी अमेरिकेत काही सोय होईल का, असं विचारलं. (हे वाइल्डर १८४६ मध्ये हिंदुस्थानात आले आणि कोल्हापूरला जाण्याआधी काही वर्षं आपल्या नगरातच होते. नगरकर म्हणून एवढं सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.) वाइल्डरनी तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला, सोबत धर्मांतराची अपेक्षाही सुचवली. मदत अशी काही मिळाली नाही. पण १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी दाताच्या डॉक्टरकडं नंबर येईपर्यंत हातात आलेला तो अंक वाचला आणि आनंदीबाईंना पत्र लिहिलं. पुढं तीन वर्षं पत्रं येत-जात राहिली. ७ एप्रिल १८८३ ला आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या तेव्हा अमेरिकेत त्यांना उतरायला घर होतं. कॉलेज अजून नक्की व्हायचं होतं.

२८ जून १८८३ ला त्यांनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजच्या आल्फ्रेड जोन्स यांना पत्र लिहिलं. आज आपण ज्याला एसओपी म्हणतो, त्याचा मराठी माणसानं लिहिलेला इतका जुना आणि इतका चांगला नमुना मी दुसरा पाहिलेला नाही. त्यात त्यांनी आपण काय शिकलोय ते सांगितलंय, सात भाषा येतात हेही सांगितलंय, आणि तुमच्या सगळ्या अटींना मी कदाचित उतरणार नाही हे स्वतःहून कबूल केलंय. मग मुद्दा येतो. माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरला अंगाला हात लावू देण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला हे शिकायचंय, आणि त्यासाठी लागेल तेवढंच मी तुमच्या, किंवा मला आत घेईल अशा कुठल्याही कॉलेजच्या दाराशी मागते आहे. लहानपणापासून विज्ञानाची आवड वगैरे काही नाही.

आता समितीच्या खुर्चीतून बघा. हे कॉलेज १८५० मध्ये स्त्रियांसाठीच काढलेलं. डीन होत्या रेचल बॉडली, स्वतः रसायनशास्त्राच्या प्राध्यापक. तिथं शिकलेल्या बायका मिशनच्या दवाखान्यांत काम करायला आशियात जात होत्या. म्हणजे हिंदुस्थानातल्या बायकांना स्त्री डॉक्टर हवी, ही गोष्ट या लोकांना पटवून द्यायची गरजच नव्हती. त्यांना आधीपासून जी उणीव दिसत होती, ती भरून काढणारी बाई समुद्र ओलांडून दारात आली होती. मार्कांच्या रकान्यात शून्य असलेला हा अर्ज त्या विशिष्ट कॉलेजसाठी फार भक्कम होता. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजला त्यांच्या या गुणांचं काय? शहराशहरात, खात्याखात्यात चान्स बदलतो म्हणतात तो असा. तुम्ही "टॉप दहा संस्था" अशी यादी करून सगळीकडं एकच मजकूर पाठवता ना, तेव्हा नेमकी हीच बाजू फुकट जाते.

११ मार्च १८८६ ला त्यांना पदवी मिळाली. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री विभागाची नेमणूकही झाली. पण क्षयानं पोखरलेल्या अवस्थेत त्या परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या, बाविसावं पुरं व्हायच्या आत. परदेशातली थंडी, न झेपणारं खाणंपिणं, एकटेपण हे प्रवेशाच्या हिशोबात कोणी धरत नाही. आजही धरत नाही.

दुसरा अर्ज गुणांनीच सुरू करू. १९०७ ची मॅट्रिक, ७५० पैकी २८२. टक्केवारी ३७.६. हे पाहून तुमच्या ग्रुपवर कोणी काय लिहिलं असतं, ते मला सांगायची गरज नाही. ज्या मुलाला शाळेत वेगळं बसावं लागलं, पाण्याच्या भांड्याला हात लावायची मुभा नव्हती, त्याचे हे गुण आहेत. भीमराव आंबेडकर मग एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले आणि १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी, असा करार.

१९१५ मध्ये एम.ए. झालं, आणि १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला आले तेव्हा हातात कोलंबियाच्या प्रा. एडविन सेलिग्मन यांचं शिफारसपत्र होतं. ते होतं हर्बर्ट फॉक्सवेल या अर्थशास्त्रज्ञाच्या नावे. फॉक्सवेलनी नोव्हेंबर १९१६ मध्ये स्कूलच्या सचिवांना जे कळवलं ते वाचून मी मोठ्यानं हसले होते. त्याचा आशय असा, की या गृहस्थांचं डॉक्टरेटचं काम आधीच झालंय, ते इथं फक्त संशोधनाला आलेत, आता जिंकायला त्यांच्यासाठी इथं काही उरलेलं नाही. नऊ वर्षांपूर्वी २८२ गुण मिळवणाऱ्या माणसाबद्दल हे लिहिलं गेलं. गुणपत्रिका तीच होती. मधल्या काळात त्याचं काम पाहिलेला, आणि ज्याच्या शब्दाला वजन आहे असा एक माणूस तयार झाला होता. म्हणून मी फाइल घेऊन येणाऱ्यांना आता आधी विचारते, तुमचं काम प्रत्यक्ष पाहिलेलं कोण आहे? विभागप्रमुखांचं "सदर विद्यार्थी मेहनती व आज्ञाधारक आहे" छापाचं पत्र कोणालाही मिळतं.

पण या अर्जाची खरी गोष्ट पुढं आहे. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि आंबेडकरांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. चार वर्षांच्या आत परत येऊन तो पुरा करायची परवानगी मात्र त्यांनी काढून ठेवली होती. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, नवल भथेना या पारशी मित्रानं उसने दिले, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये डी.एससी. "घेतील का" हा प्रश्न इथं १९१६ मध्येच सुटला होता. "राहता येईल का" हा प्रश्न सुटायला आणखी चार वर्षं गेली. आपण दोन्ही प्रश्न एकाच श्वासात विचारतो आणि उत्तर फक्त पहिल्याचं देतो.

पैशाचं दार कधीकधी प्रवेशाच्या दाराहून अरुंद असतं. कॉर्नेलिया सोराबजी यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून बी.ए.ला पहिला वर्ग मिळवला. त्या जोरावर इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती, ती बाई म्हणून नाकारली गेली. इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी पैसे जमवले म्हणून १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डला पोचल्या. १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली. पदवी हातात पडायला १९२२ उजाडलं, कारण १९२० पर्यंत ऑक्सफर्ड बायकांना पदव्याच देत नव्हतं. आज आपल्या राज्यात राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी परदेशी शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ७५ जागांची. तिची तारीख, उत्पन्नाचा दाखला, कागदपत्रं हे सगळं विद्यापीठाच्या अर्जाइतकंच आधी बघायचं असतं. प्रवेशाचं पत्र आल्यावर धावपळ सुरू करणारे मी पाहिलेत.

आता कमलाबाई. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र घेऊन पहिल्या आल्या. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमधून, म्हणजे आताच्या आयआयएस्सीतून, शिकून बाहेर पडलेले रसायनशास्त्रज्ञ. त्यामुळं पुढं कुठं जायचं हा प्रश्नच घरात नव्हता. कागदावर या तीन अर्जांतला सगळ्यात भक्कम अर्ज हाच. आणि नकार आला तो यालाच.

संचालक होते सर सी. व्ही. रामन. नोबेल मिळून तीन वर्षं झालेली, संचालकपदावर नुकतेच आलेले. मुली घ्यायच्या नाहीत, हे त्यांचं उत्तर. इथं एक गोष्ट मुद्दाम सांगते. संस्थेच्या जुन्या नोंदींत १९२० च्या दशकाच्या सुरुवातीलाच एक-दोन विद्यार्थिनींची नावं आढळतात. म्हणजे मुलींना बंदी करणारा, दगडावर कोरलेला नियम नव्हता. एका फार मोठ्या माणसाचं मत होतं, आणि त्या खुर्चीतून आल्यामुळं ते नियमासारखं वाटत होतं. कमला भागवत बंगळुरूला गेल्या, रामन यांच्यापुढं उभ्या राहिल्या आणि विचारलं, कोणत्या कारणानं? प्रवेश मिळेपर्यंत इथून हलणार नाही, सत्याग्रह करीन, असं त्यांनी सांगितलं. ते दिवस गांधींचे होते, या शब्दाचा अर्थ रामन यांना समजावून सांगावा लागला नसणार.

शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही. कामाबद्दल संचालकांचं समाधान झालं तरच ते मान्य होईल. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम करावं लागेल. आणि पुरुष सहकाऱ्यांचं लक्ष विचलित होईल असं वातावरण प्रयोगशाळेत होता कामा नये. या शेवटच्या अटीवर मी काही लिहीत नाही, तुम्हीच एकदा परत वाचा. त्यांनी अटी मान्य केल्या. अपमान मात्र विसरल्या नाहीत. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत, १९९० च्या दशकात, त्या याबद्दल जाहीरपणे बोलल्या. रामन मोठे शास्त्रज्ञ होते आणि त्यांचं मन याबाबतीत लहान होतं, असा त्याचा सूर होता.

एम. श्रीनिवासय्या हे मार्गदर्शक मिळाले. दूध, डाळी, शेंगवर्गीय पिकांतली प्रथिनं असं काम चाललं. वर्षभरानं रामन यांचं समाधान झालं, आणि पुढं त्यांच्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. १९३६ मध्ये एम.एस्सी. झाली. मग केंब्रिज. तिथं रॉबिन हिल यांच्याबरोबर बटाट्यावर काम करताना, सायटोक्रोम सी हे श्वसनाच्या साखळीतलं प्रथिन वनस्पतींतही असतं, हे त्यांना दिसलं. १९३९ मध्ये पीएचडी. प्रबंध जेमतेम चाळीस टंकलिखित पानांचा. (माझा आत्ताच दीडशेवर गेलाय आणि अजून निष्कर्षाचा पत्ता नाही.) गंमत म्हणजे केंब्रिजनंही स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीनं पूर्ण पदव्या द्यायला १९४८ पर्यंत वेळ घेतला.

कमला भागवत यांचे चान्सेस १९३३ मध्ये कोणी मोजायचे ठरवले असते तर काय केलं असतं? आपण करतो तेच. आधी किती मुली अर्ज करत होत्या, किती घेतल्या, भागाकार करा. पण अर्ज करणाऱ्याच नगण्य असतील तर त्या भागाकाराला काही अर्थ उरत नाही. शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य नव्हे, हे बारावीत सगळ्यांना शिकवलंय. "आपल्या कॉलेजातून तिथं आजवर कोणी गेलेलं नाही" हे वाक्य मी नगरमध्ये इतक्यांदा ऐकलंय. त्यावर माझा पुढचा प्रश्न असतो, किती जणांनी अर्ज केला होता? बहुतेक वेळा कोणालाच आठवत नाही.

तरी एक सावधगिरीची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हा लेख चढवणाऱ्या भाषणांसारखा होईल. या तिघांच्या गोष्टी आपल्यापर्यंत पोचल्या, कारण हे तिघं आत गेले. ज्या मुलीनं नकाराचं पत्र घडी घालून ट्रंकेत ठेवलं आणि पुढच्या वैशाखात लग्न केलं, तिच्यावर लेख लिहिला गेलेला नाही. कमलाबाईंकडं बंगळुरूला जाऊन उभं राहायची ऐपत होती, त्याच संस्थेत शिकलेले वडील आणि काका होते. आनंदीबाईंकडं कार्पेंटर कुटुंब होतं. तेव्हा "जिद्द असली की झालं" असं मी तुम्हाला सांगणार नाही. आणि गुणांना काही किंमत नाही असंही नाही. २०२४ पासून नेटच्या गुणांवर पीएचडी प्रवेशाची सोय झाली आहे, त्यात जेआरएफ नसलेल्यांसाठी परीक्षेच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार धरतात. तिथं गुण कमी असतील तर ते कमीच असतात, एसओपी कितीही सुंदर लिहा. उलट काही संस्थांत परीक्षा फक्त मुलाखतीच्या खोलीपर्यंत पोचवते, पुढं सगळं तोंडावर असतं. मी दोन वर्षांपूर्वी त्या मुलीला उत्तर दिलं तेव्हा ती संस्था यांतल्या कुठल्या प्रकारची आहे, हेसुद्धा पाहिलं नव्हतं.

आता फाइल घेऊन कोणी आलं की मी टक्का सांगत नाही. पात्रतेची अट खरंच लिहिलेली आहे, की कोणीतरी सांगितलेली आहे, ते आधी मूळ जाहिरातीत बघायला लावते. मग त्या विभागात गेल्या दोन-तीन वर्षांत कोणी काय छापलंय ते वाचून ये म्हणते. निम्मे इथंच थांबतात. परत येतात त्यांच्याशी बोलायला मजा येते. गेल्या दिवाळीत आलेला मुलगा चार दिवसांनी परत आला तो मराठवाड्यातल्या मातीतल्या जिवाणूंवरचा एक पेपर घेऊन, आणि विचारत होता की हेच सीनेच्या काठच्या मातीवर, एमआयडीसीच्या अलीकडं आणि पलीकडं, करून बघितलं तर? त्याची गुणपत्रिका मी त्या दिवशी उघडलीच नाही.

आणि त्या क्यूसी लॅबमधल्या मुलीला मी परवा मेसेज केला. त्याच संस्थेचे अर्ज सुरू झालेत, वयाची अट नाही, तुझा दोन वर्षांचा एचपीएलसीचा अनुभव तिथं उपयोगी पडेल, आणि त्या वेळी मी न बघताच बोलले होते, एवढं लिहिलं. शिफ्ट संपल्यावर, रात्री साडेअकराला तिचं उत्तर आलं.

"ताई, अर्जाची फी किती आहे?"

मी आकडा पाठवला, आणि शेवटची तारीख.